बिनतारी माऊस अडखळतो तेव्हा

आज गावोगावी संगणक आला आहे. महाराष्ट्रात २०११ साली 'संग्राम' योजना सुरू झाली. संग्राम म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. त्या योजनेतून ग्रामपंचायतींत संगणकावर कामे होऊ लागली. २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्र' या नावाने हे काम पुढे चालले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला. सातबारा, आठ-अ, दाखले, पीक विम्याचा अर्ज. ही सारी कामे आता संगणकावर होतात.

संगणक मोठे यंत्र आहे. पण त्याला चालवणारी वस्तू लहान आहे. ती मुठीत मावते. तिला माऊस म्हणतात. ही लहान वस्तू बिघडली की मोठे काम अडते. म्हणून आज आपण तिची माहिती घेऊ.

चूक कशी होते?

जुलै महिना म्हणजे वऱ्हाडात घाईचा महिना. पेरणी झालेली असते. निंदण, डवरण चाललेले असते. त्यातच खरीप पीक विम्याचा अर्ज भरायचा असतो. त्याची मुदत बहुधा जुलैच्या अखेरीस येते. केंद्रावर रांग लागते.

समजा, एक शेतकरी रांगेत उभा आहे. त्याचा नंबर येतो. केंद्रातली ताई अर्ज भरू लागते. पडद्यावर पिकांची यादी उघडते. ताई माऊस सरकवते. पण पडद्यावरचा बाण हलत नाही. ती पुन्हा सरकवते. बाण एकदम उडी मारतो. कापसाऐवजी तुरीवर जाऊन बसतो.

"ताई, मी कापूस सांगतला. तूर नाही."

"काय करू काकाजी, हा माऊस अटकते. मी इकडं नेते तं तो भलतीकडंच जाते."

"मंग पाहून दाब बाप्पा. मायं वर्षाचं काम हाय."

काकाजींचे म्हणणे खरे आहे. शेतात कापूस आणि कागदावर तूर, असे झाले तर नुकसान भरपाईच्या वेळी घोटाळा होतो. गट नंबर चुकला तरी तेच. अडखळणारा माऊस ही लहान गोष्ट दिसते. पण तिच्यामुळे मोठी चूक होऊ शकते. रांगेतल्या माणसांचा दिवस मोडतो. मजुरी बुडते ती वेगळीच.

हा माऊस आला कोठून?

माऊस म्हणजे इंग्रजीत उंदीर. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डग्लस एंगेलबार्ट नावाचे संशोधक होते. १९६४ च्या सुमारास त्यांनी ही कल्पना काढली. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस तयार केला. तो लाकडाचा ठोकळा होता. खाली दोन चाके होती. मागे तार निघाली होती. ती शेपटीसारखी दिसे. म्हणून त्याला उंदीर म्हणू लागले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात एंगेलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला.

पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली. नंतर गोळीही गेली आणि प्रकाश आला. आता तर पुष्कळ ठिकाणी शेपटीही गेली. बिनशेपटीच्या या उंदराला बिनतारी माऊस म्हणतात.

तो काम कसे करतो?

माऊस उलटा करून पाहा. पोटाला एक लहान भोक दिसेल. आत बारीक दिवा असतो. तो खालच्या पृष्ठभागावर उजेड पाडतो. भोकात एक चिमुकला कॅमेराही असतो. तो टेबलाचे फोटो काढत राहतो. एका सेकंदात हजाराच्या वर फोटो काढतो. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो यांत फरक किती पडला, हे तो ताडून पाहतो. त्यावरून माऊस कोणत्या बाजूला, किती सरकला हे त्याला कळते.

हे कळल्यावर ते संगणकाला सांगावे लागते. तारेचा माऊस तारेतून सांगतो. बिनतारी माऊस हवेतून सांगतो. त्याच्या पोटात एक लहानसा रेडिओ असतो. त्याचा जोडीदार संगणकाच्या खाचेत बसवलेला असतो. तो नखाएवढा तुकडा असतो. त्याला रिसीव्हर म्हणतात. काही जण डोंगलही म्हणतात. काही माऊस ब्लूटूथवर चालतात. त्यांना वेगळा तुकडा लागत नाही, पण रीत तीच.

असे समजा की माऊस शेताच्या या धुऱ्यावरून हाक देतो आणि रिसीव्हर त्या धुऱ्यावर उभा राहून ऐकतो. एका सेकंदात अशा शंभराच्या वर हाका जातात. हाक पोचली की बाण हलतो. हाक पोचली नाही की बाण थांबतो. दोन-चार हाका हुकल्या आणि पुढची पोचली, की बाण उडी मारतो. अडखळणे म्हणतात ते हेच.

मग हाक का हुकते? चार कारणे असू शकतात. हाक देणाऱ्याच्या अंगात जोर नसतो. किंवा त्याच्या डोळ्यांना नीट दिसत नाही. किंवा मध्ये आडोसा असतो. किंवा आजूबाजूला गलका असतो. ही चार कारणे लक्षात ठेवली की अर्धे काम झाले.

आधी दोष कोणाचा ते पाहा

बैल चालत नाही म्हणून लगेच बैलाला मारू नये. कदाचित चाक रुतले असेल. तसेच येथे आहे. काम थांबले म्हणजे दोष माऊसचाच असेल असे नाही. तीन गोष्टी ताडून पाहाव्या.

बाण सरसर फिरतो, पण पान उघडत नाही. असे असेल तर माऊस चांगला आहे. इंटरनेट मंद आहे, किंवा पलीकडच्या सरकारी संगणकावर गर्दी आहे.

बाण अडखळतो, आणि कळफलकावर टाइप केलेली अक्षरेही उशिरा उमटतात. असे असेल तर संगणकच दमला आहे. एका वेळी फार कामे उघडली आहेत. नको ती बंद करावी. तरीही जमले नाही तर संगणक रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा.

अक्षरे झटपट उमटतात, पण बाण तेवढा अडखळतो. असे असेल तर दोष माऊसच्या बाजूला आहे. आता पुढचे उपाय करावे.

एक नियम मात्र पाळावा. एका वेळी एकच बदल करावा. बदल करून पाहावे, मग दुसरा करावा. सगळे एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

पहिला उपाय: जोर

माऊसमध्ये सेल असतो. सेल उतरला की माऊसची हाक क्षीण होते. टॉर्चचा उजेड पिवळा पडतो, तसेच हे आहे. टॉर्च एकदम विझत नाही. आधी मंद होतो. माऊसही एकदम बंद पडत नाही. आधी अडखळतो.

म्हणून आधी सेल बदलून पाहावा. पुष्कळ माऊसमध्ये पेन्सिल सेल चालतो. नवा सेल दीड व्होल्टचा असतो. अधिक आणि उणे या खुणा पाहून तो बसवावा. दोन सेल लागत असतील तर दोन्ही नवे घालावे. एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावू नये. सेल नसून आतली बॅटरी चार्ज करायची असेल, तर ती पुरी चार्ज करावी.

माऊस बरेच दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावा. जुना सेल पाझरतो. त्यातून पांढरी भुकटी निघते आणि आतली पट्टी खाते. ती भुकटी हाताला लागली तर हात धुवावे. वाया गेलेला सेल चुलीत टाकू नये. मुलांच्या हाती देऊ नये.

माऊसच्या पोटाला बारीक खटकाही असतो. तो बंद करून पुन्हा चालू करावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

दुसरा उपाय: डोळा

माऊसच्या पोटाचे भोक म्हणजे त्याचा डोळा. डोळ्यात कुसळ गेले तर माणसालाही दिसत नाही. आपला वऱ्हाड कापसाचा मुलूख. हिवाळ्यात हवेत कापसाचे तंतू उडतात. उन्हाळ्यात धूळ उडते. एखादा तंतू त्या भोकात अडकतो. मग कॅमेऱ्याला टेबलाऐवजी तंतूच दिसत राहतो. बाण एका जागी थरथरतो, नाही तर भलतीकडे पळतो.

साफ करणे सोपे आहे. खटका बंद करावा. सेल काढावा. मऊ, कोरड्या फडक्याने पोट पुसावे. भोकातला तंतू कापसाच्या बोळ्याने अलगद काढावा. पाणी घालू नये. सुई, टाचणी खुपसू नये. दिव्याकडे डोळा लावून पाहू नये.

गाडगेबाबा आपल्याच मुलखातले. अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव. गावात गेले की ते आधी खराटा हाती घेत. आठवड्यातून एकदा माऊसवर फडके फिरवायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तेवढी सवय प्रत्येक केंद्राने लावून घ्यावी.

आता माऊसखालची जागा पाहा. ऑफिसातल्या टेबलावर पुष्कळदा काच असते. काच चांगली दिसते. पण साध्या माऊसला काच चालत नाही. काचेवर खूण नसते. त्यामुळे दोन फोटोंत फरक दिसत नाही. फार चकचकीत सनमायकावरही तसेच होते. अशा वेळी माऊसखाली पॅड ठेवावे. पॅड नसेल तर जाड कागद किंवा वहीचा पुठ्ठा ठेवावा. पैसा न खर्चता गुण येतो.

तिसरा उपाय: आडोसा

रेडिओच्या लहरी डोळ्याला दिसत नाहीत. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरींचा प्रयोग करून दाखवला. मध्ये भिंती असतानाही त्यांनी पलीकडची घंटा वाजवली. विटांची भिंत अशा लहरींना थोडीफार वाट देते. लोखंडी पत्रा मात्र वाट देत नाही.

आता आपल्या केंद्रातला संगणक कोठे आहे ते पाहा. संगणकाचा डबा, म्हणजे सीपीयू, पुष्कळदा लोखंडी टेबलाच्या खाली असतो. त्याच्या पाठीला रिसीव्हर खोचलेला असतो. पाठ भिंतीकडे असते. म्हणजे माऊस वर, रिसीव्हर खाली, आणि मध्ये पत्र्यावर पत्रा. हाक पोचणार कशी?

मोकळ्या जागेत असा माऊस दहा मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे तेहतीस फुटांपर्यंत चालतो असे बनवणारे सांगतात. पण पत्र्याआड तीन फूटही जड जातात. म्हणून रिसीव्हर पाठीमागून काढून पुढच्या खाचेत लावावा. पुढे खाच नसेल तर यूएसबीची जोडतार घ्यावी. तारेचे एक टोक संगणकात लावावे. दुसऱ्या टोकाला रिसीव्हर लावून तो टेबलावर माऊसजवळ ठेवावा. हा उपाय स्वस्त आहे आणि गुणकारी आहे.

चौथा उपाय: गलका

आठवडी बाजारात जवळच्या माणसाची हाकही ऐकू येत नाही. कारण सगळेच बोलत असतात. हवेतही असा बाजार भरतो.

बहुतेक बिनतारी माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. म्हणजे ही लहर एका सेकंदात सुमारे २४० कोटी वेळा हेलकावते. आपल्या देशात या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे चालवायला वेगळा परवाना लागत नाही. म्हणून सारेच येथे येतात. वायफाय येथेच बोलतो. ब्लूटूथ येथेच बोलतो. शहरातल्या घरांत अन्न गरम करण्याची मायक्रोवेव्ह भट्टी असते, तीही याच पट्ट्यात लहरी सोडते. एका खोलीत दहा बिनतारी माऊस असले तर तेही एकमेकांत बोलतात.

मेळघाटातले हरिसाल गाव २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आले. आता तर पुष्कळ गावांत वायफायचा डबा, म्हणजे राउटर, भिंतीवर दिसतो. ही चांगली गोष्ट आहे. पण राउटर आणि रिसीव्हर एकमेकांना चिकटून ठेवू नयेत. दोघांत चार-पाच फूट अंतर ठेवावे. काही राउटर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही चालतात. तशी सोय असेल तर संगणकाचे इंटरनेट त्या पट्ट्यावर घ्यावे. मग माऊसची वाट मोकळी होते.

गलक्याचे आणखी एक कारण आहे. ते पुष्कळांना ठाऊक नसते. संगणकाच्या काही खाचा आतून निळ्या असतात. त्या बहुधा नव्या, जलद यूएसबीच्या असतात. त्या खाचेत जलद डिस्क किंवा पेनड्राईव्ह चालू असला की तेथून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास खरखर उठते. इंटेल या कंपनीने २०१२ मध्ये हे मोजून दाखवले. म्हणून रिसीव्हर अशा डिस्कच्या शेजारी लावू नये. दुसऱ्या बाजूची काळी खाच असेल तर ती निवडावी.

तरीही गुण आला नाही तर?

मग अदलाबदल करून पाहावी. हाच माऊस, रिसीव्हरसकट, दुसऱ्या संगणकावर लावावा. तेथे नीट चालला तर दोष पहिल्या संगणकाकडे आहे. तेथेही अडखळला तर माऊसच खराब आहे.

दोष संगणकाकडे असेल तर दोन गोष्टी जाणत्या माणसाकडून पाहून घ्याव्या. एक, वीज वाचवण्यासाठी संगणक यूएसबीच्या खाचेची वीज अधूनमधून तोडतो का? तसे होत असेल तर ती सोय बंद करता येते. दोन, माऊस चालवणारी आज्ञावली जुनी झाली आहे का? ती नवी करून घ्यावी.

माऊसच खराब असेल तर दुरुस्तीत दिवस घालवू नये. आणि आमचे एक सांगणे आहे. प्रत्येक केंद्राने तारेचा एक साधा माऊस कपाटात ठेवावा. तो महाग नसतो. त्याला सेल लागत नाही. त्याला गलक्याची भीती नाही. बैल कासऱ्याने धरलेला बरा, असे म्हणण्याची वेळ मुदतीच्या दिवशी येतेच.

तोही नसला तर काम थांबवू नये. कळफलकावर 'टॅब' नावाची कळ असते. ती दाबली की अर्जात एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जाता येते. बाणाच्या कळांनी यादीत खालीवर जाता येते. वेळ थोडा जास्त लागतो, पण पुष्कळसा अर्ज माऊसशिवाय भरता येतो.

आपण काय करावे?

आपण म्हणाल, "आम्ही काही संगणक चालवत नाही. आम्हांला हे कायले सांगता?" सांगण्याचे कारण आहे.

माऊस अडखळला तर केंद्रातल्या ताईवर किंवा भाऊवर रागावू नये. घाईही करू नये. बाण हलत नाही म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबले, तर संगणक ते दाबणे साठवून ठेवतो. मग एकदम सगळे घडते. एकाच अर्जाचे दोन अर्ज होतात, किंवा पैसे दोनदा भरले जातात. एकदा दाबावे आणि थांबावे. पिकाची निवड झाल्यावर माऊसचे चाक फिरवतानाही जपावे. यादी तशीच निवडलेली असेल तर चाकाबरोबर पीक बदलून जाते, आणि ते ध्यानातही येत नाही.

सर्वांत मोठी गोष्ट अशी. आता आपल्याला वाचता येते. पूर्वी आपण अंगठा लावत होतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत होतो. आता तसे नाही. शेवटचे बटण दाबण्याआधी पडदा आपल्याकडे वळवायला सांगावे. स्वतः वाचावे. आपले नाव बरोबर आहे का? गट नंबर बरोबर आहे का? पीक कोणते लिहिले आहे? क्षेत्र किती लिहिले आहे? बँकेचा खाते नंबर जुळतो का? पाचही गोष्टी जुळल्या की मग 'दाबा' म्हणावे. पावती घ्यावी. ती तेथेच पुन्हा वाचावी. चूक दिसली तर तेव्हाच सांगावी. मुदत संपल्यावर चूक सुधारणे फार कठीण जाते.

यंत्र कितीही चांगले असले तरी ते कधी ना कधी अडखळणारच. आपले वाचणे अडखळता कामा नये.

लक्षात ठेवा

१. आधी दोष कोणाचा ते पाहा: माऊसचा, संगणकाचा की इंटरनेटचा.
२. सेल बदला. पोट पुसा. खाली पॅड किंवा पुठ्ठा ठेवा.
३. रिसीव्हर पत्र्याआडून काढा. माऊसजवळ आणा.
४. राउटर आणि जलद डिस्क यांच्यापासून रिसीव्हर दूर ठेवा.
५. एका वेळी एकच बदल करा.
६. शेवटचे बटण दाबण्याआधी अर्ज स्वतः वाचा.

वाचा आणि सांगा

१. माऊस संगणकाला हाक कशी देतो?
२. काचेच्या टेबलावर माऊस का अडखळतो?
३. आपल्या गावच्या केंद्रात सीपीयू कोठे ठेवला आहे? रिसीव्हर कोठे लावला आहे? पाहून या आणि वर्गात सांगा.
४. घरातली पीक विम्याची एखादी पावती आणा. तिच्यावरचे नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र आणि खाते नंबर मोठ्याने वाचा.